एक सूत आत

तुळजापूर रोडवरचं रिसॉर्ट बंद पडलं
तेव्हा आमच्या तीनशे टॉवेलांचं बिल अडकलं होतं.
मालकानं हात जोडले आणि ही दिली:
चार फुगीर चाकं, लाल टाकी,
सीटला उंदरांनी पाडलेलं भोक.
नीलम नगरच्या बोळात ती आली
तेव्हा पोरं मागं धावली, वरात असल्यासारखी.

एकच खोड. हँडल सोडलं की डावीकडं.
धरून ठेवलं तरी डावीकडं, जरा लाजत.
"ओढलालीय बे," नाना म्हणाले
आणि चष्मा पुसायला घेतला,
मागाचा आवाज बदलला की घ्यायचे तसा.

मी म्हटलं, होटगी रोडला कॉम्प्युटरवर करून देतात.
नानांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
आतून हिरवी कांडी आणली.
मागच्या चाकांपासून पुढं ठेवलेल्या
रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांपर्यंत
दोन्ही अंगांनी दोरा ताणला,
बोटानं छेडला.
वाजला. म्हणाले, हां.

जमीन सपाट हवी, म्हणून शेडमध्येच मांडलं,
जिथले दोन माग गेल्या वर्षी विकले
आणि फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन
अजून काळे आहेत.
गाडी नेमकी त्या चौकोनांत मावली.
त्यावर कोणी काही बोललं नाही.

वर वजन हवं.
माणूस बसल्याशिवाय चाकं खरं सांगत नाहीत.
मग अम्माला बसवलं.
बासष्ट वर्षांत ती कुठल्याच गाडीवर पुढं बसली नव्हती.
विड्यांचं सूप खाली ठेवून, पदर खोचून चढली
आणि हँडल असं धरलं
जसं चुलीवरून उतरवलेलं पातेलं.

टायरवर खडूची खूण.
पुढून माप: एकतीस इंच दोन सूत.
गाडी अर्धा फेरा ढकलली, खूण मागं गेली.
मागून: तीस इंच सात सूत.
"तीन सुतांनी फाकलीत.
नवरा इकडं बघतो, बायको तिकडं."
अम्मानं वरून नुसतं पाहिलं.

मला वाटलं, सारखी करायची, विषय संपला.
सुतासारखी सरळ.
"नाही रे. उभी असताना एक सूत आत पाहिजेत.
रस्ता त्यांना बाहेर ढकलतोच.
आधीच थोडी आत असली
की पळताना सरळ येतात."

चेकनट गंजलेले. रॉकेल, मग हातोडी,
मग एक तेलुगू शिवी.
रॉडच्या एका टोकाला उलटे आटे,
हे विसरून मी पंधरा मिनिटं
घट्टच करत होतो.
अर्धा आटा इकडं, अर्धा तिकडं,
पुन्हा खडू, पुन्हा ढकल, अम्मासकट.
दोरा परत बांधला, परत छेडला.
पुढं एकतीस.
मागं एकतीस, एक सूत.

"चालु, चालु," अम्मा म्हणाली.
तेलुगूत म्हणजे: पुरे झालं.
घरात आम्ही तेलुगूच बोलतो,
तरी त्या क्षणी मी ते मराठीत ऐकलं
आणि बटण दाबलं.

हिला न्यूट्रल नाहीच.
इंजिन ओरडलं, नाना पाना टाकून भिंतीला टेकले,
आणि अम्माचा अंगठा,
चाळीस वर्षं विड्यांची तोंडं मुडपणारा,
खटक्यावर आपोआप गेला.

डबे उडवत, हिरवा दोरा चाकांना गुंडाळत
शेडच्या दारातून ती बाहेर पडली,
बोळातून, दोन रिक्षांच्या मधून,
पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ.
अगदी टाकीपाशी जराशी डावीकडं.
"तो रस्त्याचा उतार आहे,"
नाना म्हणाले, कुणी विचारलं नसताना.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते
ग्रीस लागलेला दोरा गाठी सोडत
परत कांडीवर गुंडाळत होते.
अम्मा तंबाखू चाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"अशोक चौकापर्यंत जायला
पेट्रोल किती लागतं रे?"